भिंतीलगतची माती

फोडणीत मोहरी तडतडत होती, तेवढ्यात ओसरीकडून हसण्याचा आवाज आला आणि इंदूताईंचा हात तिथंच थांबला. एक हसणं साळूबाईचं होतं, मोकळं, चार घरं पलीकडे ऐकू जाणारं. दुसरं मात्र घोगरं, अडखळत बाहेर पडणारं. बंद पडलेला हापसा हापसताना आधी नुसती हवाच यावी आणि मग गचके देत पाणी यावं, तसं. ते सरांचं होतं. दिवाळीनंतर त्या घरात सर हसले नव्हते.

गॅस बंद करून इंदूताई हातात झारा तसाच घेऊन बाहेर आल्या. ओसरी रिकामी होती. साळूबाईनं चाकांची खुर्ची उतरणीवरून खाली नेऊन दक्षिणेच्या भिंतीशी लावली होती. तिथं वळचणीखाली, जिथं पावसाचा थेंब कधी पोचत नसे, पिठासारख्या मऊ मातीचा एक पट्टा होता. साळूबाई उकिडवी बसून गवताची काडी मातीत हळूहळू फिरवत होती आणि सर मान वाकवून बघत होते.

"सिंव्ह! आवं सर, येवढासा सिंव्ह आसतो व्हय कुटं?"

"सिं...ह," सर म्हणाले. तोंडाची उजवी बाजू त्यांना साथ देत नव्हती. "मुं...गी... सिंह."

"आन मी आपली म्हनती शिंगाडा! मगाधरनं शिंगाडा, शिंगाडा!"

पुन्हा दोघं हसले. मग त्यांना इंदूताई दिसल्या आणि हसणं थांबलं. साळूबाई साडी झटकत उठली. "काकू, बघा तरी, सर म्हनत्यात ह्या खड्ड्यात..."

"ऊन लागेल त्यांना," इंदूताई म्हणाल्या. "आत घ्या."

झटका आला तेव्हा सुमंत सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. श्रीरामपूरच्या एका हायस्कुलात त्यांनी उभी हयात जीवशास्त्र शिकवलं. बेलापुरातल्या या घरापासून शाळेपर्यंतच्या रस्त्यावर त्यांना नमस्कार न करणारा माणूस विरळा. असा बोलका माणूस एका सकाळी दाढी करता करता खाली कोसळला. दवाखान्यातून घरी आला तो उजवा हात, उजवा पाय आणि बहुतेक सगळे शब्द तिकडेच ठेवून. समजत सगळं होतं, फक्त शब्द सापडत नव्हते. बोलण्याचा सराव करून घेणाऱ्या नगरच्या बाईंनी चित्रांची कार्डं दिली होती. इंदूताई रोज दुपारी ती घेऊन समोर बसत. पेल्याचं चित्र दाखवत. सर "पे..." म्हणत, डोळे मिटत, शब्द शोधत. इंदूताईंना ते बघवत नसे. "पेला," त्या म्हणत, आणि पुढचं कार्ड काढत.

तशा त्या आयुष्यभर भरभर काम उरकणाऱ्या. पंचायत समितीत कारकून होत्या, तेव्हा समोरचा माणूस अर्ज पुढे करून "मॅडम, ते माझं..." म्हणेपर्यंत त्याचं काम काय आहे ते त्यांना कळलेलं असे. साहेबांची वाक्यंही त्या पुरी करत. घरात तर सरांचं प्रत्येक वाक्य त्यांना निम्म्यात कळे, आणि निम्म्यात कळलेलं वाक्य ऐकत बसायला त्यांना कधीच सवड नव्हती. आता सरांच्या आजारपणातही त्या कशात कमी पडल्या नव्हत्या. औषधं, मालिश, मऊ भात, सगळं वेळच्या वेळी. मुलगी देवश्री पुण्याहून व्हिडिओ कॉलवर म्हणायची, "आई, तू आहेस म्हणून बाबा आहेत." ते ऐकून त्यांना बरं वाटे.

साळूबाईला ठेवली ती फक्त सरांना उचलायला आणि अंघोळ घालायला. बाई पाथर्डीकडची. तरुणपणी नवऱ्याबरोबर ऊसतोडीला फिरली, नवरा गेल्यावर मुलाच्या टेम्पोच्या धंद्यामुळं बेलापुरात स्थिरावली. हाडापेरानं मजबूत. कार्डांमधलं तिला काही कळत नव्हतं आणि जीवशास्त्र हा शब्द तिनं या घरातच पहिल्यांदा ऐकला. तिला जे दिसे त्याबद्दल ती विचारत सुटे, एवढंच.

आणि सर तिला सांगू लागले होते.

रोज सकाळी अंघोळ झाली की खुर्ची भिंतीशी जायची. इंदूताई स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकायच्या. खिडकीशी उभं राहायला त्यांच्याकडे कारणं होती. तिथं ओटा होता, मोरी होती. पण मेथीची जुडी निवडून झाली तरी त्या तिथून हलत नसत.

"सर, ह्ये गोल गोल खड्डे तो कसा करतो ओ? पाय तर दिसंनात."

"मा...गं."

"माती?"

"न्ना. मागं. मागं... चा...लतो."

"मागं मागं चालतो? उलटा? आगं बया! आन पुढं?"

सर डावा हात हलवत. पुढं नाहीच.

खड्डे नाण्याएवढे होते, नरसाळ्यासारखे खाली निमुळते. एखादी मुंगी काठावर आली की पायाखालची माती घसरायची. ती वर चढायला धडपडली की तळातून कुणीतरी मातीचा फवारा मारायचा आणि मुंगी खाली यायची. तळाशी बारीक दोन चिमटे तेवढे दिसायचे. साळूबाईचं अंदाज बांधणं चालू असायचं आणि ते बहुतेक चुकायचं. ती चुकली की सर चिडायचे, मान हलवायचे, पुन्हा शब्दाला हात घालायचे. कधी एका शब्दापायी दोघं इतका वेळ घालवायचे की आत इंदूताईंचा जीव नुसता कासावीस व्हायचा. खिडकीतून ओरडून तो शब्द सांगून टाकावा असं वाटायचं. मग तो शब्द यायचा. सरांचा स्वतःचा. आणि साळूबाई "हां! बराबर!" म्हणून मांडीवर थाप मारायची.

एकदा सरांनी बऱ्याच खटपटीनं तिला सांगितलं, की हा किडा मातीत असेपर्यंत मुळी घाणच करत नाही. खातो, पण बाहेर काही टाकत नाही.

साळूबाईनं हातातली काडी मातीत रोवली. मग म्हणाली, "लई सोयीचं हाय की सर. मंजी ह्याला सांबाळायला बाई ठिवायची गरज न्हाई."

सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्यांचं सगळं करणारी, त्यांचे कपडे बदलणारी, भांडं धरणारी बाई हे बोलली होती आणि सरांना त्याची लाज वाटली नव्हती. इंदूताई तेच काम करायला गेल्या की ते भिंतीकडे तोंड फिरवत. त्या दिवशी इंदूताईंनी भाजीत दोनदा मीठ घातलं.

दुपारी साळूबाई घरी गेल्यावर त्यांनी स्वतः खुर्ची भिंतीशी नेली. पदर खोचून खाली बसल्या.

"हा मुंगीसिंह, नाही का? मुंग्या धरतो. उलटा चालतो. बरोबर ना?"

सरांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"सांगा ना. तिला सांगता तसं मलाही सांगा. म्हणा, मुं..."

सरांचे ओठ हलले. "तू..."

"तुला माहितीये, असंच ना? मला माहितीये हो, पण तुम्ही म्हणा."

सरांनी डोळे मिटून घेतले. उन्हं कलेपर्यंत ते तसेच बसून राहिले.

लग्नानंतरच्या दिवसांत सर काड्यापेटीतून काहीबाही आणायचे. कधी हिरवा भुंगा, कधी सापाच्या कातीचा तुकडा. "इंदू, हे बघ," म्हणायचे. सासू-सासरे, नोकरी, लहान देवश्री. इंदूताईंची तेव्हा नुसती ओढाताण चाललेली. "बघितलं, छान आहे, आता बाहेर ठेवा," त्या म्हणायच्या. पुढं पुढं ते शाळेतल्या मुलांनाच दाखवत गेले. याचं इंदूताईंना तेव्हा काहीच वाटलं नव्हतं. आता वाटत होतं, आणि ते साळूबाईवर निघत होतं. तिनं धुतलेला टॉवेल त्या पुन्हा धुवायच्या. तिनं पाडलेला सरांचा भांग मोडून पुन्हा पाडायच्या. पंचावन्नच्या पुढची, उन्हानं रापलेली, तंबाखूची मिश्री लावणारी बाई. तिच्यावर जळण्यासारखं काय होतं? इंदूताईंनी स्वतःला तसं विचारूनही पाहिलं. उत्तर न देता त्यांनी कारभारी नावाच्या गवंड्याला फोन केला.

रविवारी साळूबाईची सुट्टी असे. कारभारी सकाळी फावडं आणि घमेलं घेऊन हजर झाला. बाहेर पेव्हर ब्लॉकची थप्पी उतरली. कारण तयारच होतं आणि त्याला कुणी नाव ठेवलं नसतं. मातीत खुर्चीची चाकं रुततात, उद्या खुर्ची उलटली म्हणजे? देवश्रीलाही फोनवर पटलं.

"पार भिंतीपत्तुर घिऊ का?" कारभारीनं विचारलं.

"भिंतीपर्यंत. एक बोटभरही माती ठेवू नका."

सर खिडकीशी होते. पहिलं फावडं पडलं तेव्हा त्यांनी डावा हात उचलून गज धरला. इंदूताईंनी ते पाहिलं.

"न..." सर म्हणाले. "न... न..."

"नळ ना?" इंदूताई चटकन म्हणाल्या. "नळाला धक्का नाही लागत. सांगितलंय मी त्यांना."

सरांनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. शब्द कुठला होता ते इंदूताईंना कळलं होतं, आणि त्यांना कळलंय हे सरांनाही कळलं होतं. बाहेर घमेल्यामागून घमेलं माती भरून कोपऱ्यावरच्या उकिरड्यावर जात होती. एका घमेल्यात करड्या रंगाचा, डाळीच्या दाण्याएवढा किडा मातीतून वर आला, पाठमोरा सरकत पुन्हा आत शिरला. संध्याकाळपर्यंत भिंतीलगत लाल-करडा चौकटींचा पट्टा तयार झाला. स्वच्छ आणि देखणा.

सोमवारी साळूबाई आली, फाटकातच थबकली. पट्ट्याकडे बघितलं, मग इंदूताईंकडे.

"बरं झालं काकू," ती म्हणाली. "खुर्ची आता सरळ जाईल."

टोमणा होता की साधेपणा, इंदूताईंना कळेना. आणि न कळल्यानं जास्तच लागलं. साळूबाईनं खुर्ची बाहेर नेली. हे झाड कसलं, तो पक्षी कोणता, ती विचारत राहिली. सर बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. जेवताना घास पुढे केला की तोंड उघडायचे, पुरे झालं की मिटायचे. कार्डं पुढे केली तर "पे" सुद्धा नाही.

त्या आठवड्यात साळूबाई मढीच्या यात्रेला निघाली. कानिफनाथाला जायचं तिनं आधीच सांगून ठेवलं होतं. निघताना सरांच्या पाया पडली. "रेवड्या आनते तुमास्नी," म्हणाली.

फाटकापर्यंत जाऊन इंदूताई म्हणाल्या, "परत यायची घाई करू नका. माहेरी राहा हवं तेवढं. आम्ही भागवू इकडे."

साळूबाई मान डोलावून गेली.

घर पुन्हा दोघांचंच झालं. उचलायला शेजारचे गोरक्षनाथ सकाळ-संध्याकाळ येत, बाकी सगळं इंदूताई करत. हवं होतं तसंच होतं. फक्त घरात आवाज असे तो त्यांच्या एकटीचा. "अहो, ऊन वाढलंय. अहो, आज देवश्रीचा फोन येईल. अहो, ऐकताय ना?" आपणच विचारायचं आणि आपणच उत्तर द्यायचं. रंगपंचमी झाली, यात्रा संपली, साळूबाईचा पत्ता नव्हता. एका सकाळी सरांनी तोंडाशी आलेला घासही डाव्या हातानं बाजूला सारला. रागानं नव्हे, नको एवढंच. बोलता येत नव्हतं म्हणून हातानं सांगितलं. इंदूताई ताटली घेऊन आत गेल्या आणि ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. उगाच नळ सोडून पाणी वाहू दिलं.

दुपारी गोरक्षनाथांना सरांजवळ बसवून त्या साळूबाईच्या घरी गेल्या. नदीच्या बाजूला पत्र्याची दोन खोल्यांची जागा. दारात साळूबाईची सून रुपाली गहू पाखडत होती. ती गडबडून उठली.

"काकू? बसा ना. आत्या आजून आल्या न्हाईत. फोनवर म्हनल्या, काकूंनी बोलवल्याबिगर कसं जायचं."

इंदूताई खाली बसल्या नाहीत. "रागावल्यात का?"

"राग न्हाई ओ. आत्या तर रोज रात्री जेवताना आमाला सांगायच्या, आज सरांनी ह्यो शबुद काढला, आज त्यो काढला. आमच्या पोरीला समदे पाठ झालेत." रुपाली हसली. मग हातातलं सूप खाली ठेवून म्हणाली, "आमचे मामंजी उसाच्या फडावरच गेले. ताप आल्ता. आत्या मोळ्या भरीत हुत्या, पाचटाच्या कोपीवर आल्या तवर सपलं हुतं. त्ये काय बोलले शेवटाला, कुनालाच ठावं न्हाई. म्हनून आत्या म्हनत्यात, काकूंचं नशीब थोर. मानूस समूर बसल्यालं तर हाय."

 साळूबाईला आपल्याकडे बघून असं काही वाटत असेल, हे इंदूताईंच्या कधी मनातही आलं नव्हतं. त्यांनी नजर खाली वळवली. पत्र्याच्या वळचणीखाली मऊ माती होती आणि त्या मातीत ते खड्डे होते. एकाला एक लागून, कितीतरी.

"रुपाली," त्या म्हणाल्या, "एखादा डबा आहे का गं? आणि चमचा."

चमचा खड्ड्याच्या बऱ्याच खालून घालावा लागे. वरवर घातला तर हाती नुसती माती येई. किडा हातावर आला की मेल्यासारखा निपचित पडून राही. इंदूताई आयुष्यात पहिल्यांदा अशा कामाला उकिडव्या बसल्या होत्या. गुडघे कुरकुरत होते. रुपालीच्या मुलीनं येऊन विचारलं, "काकू, तुमाला कशाला?" त्या म्हणाल्या, "सरांना."

घरी येऊन त्यांनी ती माती पितळेच्या परातीत ओतली आणि परात सरांच्या खोलीत, खिडकीशी स्टुलावर ठेवली.  सर पलंगावरून बघत होते.

सकाळी परातीत लहान लहान खड्डे पडलेले होते.

इंदूताईंनी खुर्ची परातीजवळ आणली, समोर स्वतः बसल्या. घसा साफ केला. "हे खड्डे कोण करतं हो?"

सरांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, थट्टाही नव्हती. पन्नास मुलांच्या वर्गात खोटा प्रश्न कुठला आणि खरा कुठला, हे ओळखायची त्यांची जुनी नजर होती ती. इंदूताई वरमल्या. त्यांनी मान खाली घालून परातीकडे पाहिलं. एक मुंगी काठाकाठानं चालली होती. खड्ड्याच्या तळाशी कुणीतरी माती उडवून जागा साफ करत होतं. पाहता पाहता त्यांच्या मनात आलं आणि तोंडातून तसंच बाहेर पडलं.

"हा असाच राहतो का कायम? मातीत? का पुढं काही होतो?"

खरोखर माहीत नव्हतं त्यांना.

सरांचा डावा हात खुर्चीवर हलला. "पं..." ते म्हणाले.

पंजा, पंप, पंत; इंदूताईंच्या जिभेवर शब्दांची रांग लागली. त्यांनी खालचा ओठ दातांत धरला. बाहेर भाजीवाला ओरडत गेला, गोरक्षनाथांची मोटारसायकल दोन-तीन लाथांनंतर चालू झाली. सरांच्या कपाळावर घाम आला. तो पुसायलाही इंदूताईंनी हात उचलला नाही.

"पं...ख," सर म्हणाले.

"पंख? याला?"

"लांब. मऊ." मग बऱ्याच वेळानं, "दि...वा. ट्यूब." त्यांनी डोळ्यांनी भिंतीवर दाखवलं. "सं...ध्याकाळी. येतो."

पावसाळ्यात ट्यूबलाइटशी घोटाळणारं, चतुरासारखं पण दुबळं पाखरू; तसली कितीतरी इंदूताईंनी झाडूनं बाहेर लोटली होती. ते हे? मातीत लपून उलटं चालणारं हे? त्या परातीत बघत राहिल्या. "मला कधी कळलंच नाही," त्या म्हणाल्या. सरांच्या तोंडाची डावी कड किंचित वर गेली. इतक्या दिवसांनी ते त्यांच्याकडे बघून हसले होते, आणि इंदूताईंना नव्या नवरीसारखं कानकोंडं झालं.

"अजून सांगा," त्या म्हणाल्या.

सरांनी श्वास घेतला. "सा..." ते म्हणाले. "सा...ळू..."

नाव पहिल्याच अक्षराला कळलं होतं. खिडकीशी उभं असताना वाटायचं तेच इंदूताईंना पुन्हा वाटलं, आणि नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली. उठून चहा टाकायचं निमित्त होतं. नाव पुरं करून विषय बदलणंही हातात होतं. त्या उठल्या नाहीत.

"साळू...बाईला," सर म्हणाले, आणि थांबले. पुढचा शब्द दूर होता. ते त्याच्या मागं लागले, तो निसटला, पुन्हा लागले. इंदूताई हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या.

"दा...खवू."

"दाखवू की," इंदूताई म्हणाल्या. "मीच जाते रुपालीकडे, बोलावून घेते त्यांना."

त्या उठल्या. परातीवर उन्हाची तिरीप आली होती. दोन्ही हातांनी, माती हलणार नाही अशा बेतानं, त्यांनी परात सावलीत सरकवली, सरांजवळ बसायला शेजारी हाक दिली आणि चपला पायात घातल्या.